उलाळ

अमेरिकेला जाऊन आल्यापासून लोक विचारतात, काय काय पाहिलं? मी म्हणतो, एक वजनकाटा पाहिला. ऐकणाऱ्याला वाटतं, मास्तर चेष्टा करतायत. नायगारा नाही, न्यूयॉर्क नाही, वजनकाटा? पण खरं सांगायचं तर पाच आठवड्यांतलं मला सगळ्यात नीट आठवतं ते तेच. त्या काट्याच्या तीन पावत्या अजून माझ्या हजेरीपत्रकाच्या खणात आहेत.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळी भावंडं आपा म्हणतो, सतरा वर्षांपासून मिशिगनमध्ये राहते. डेट्रॉइटच्या पश्चिमेला कँटन नावाचं गाव आहे, तिथे. दुल्हेभाई मेकॅनिकल इंजिनिअर. आधी पिंपरीला होते, मग गाड्यांच्या धंद्यात असलेली पुण्याची बरीच माणसं जातात तसे डेट्रॉइटला गेले. मोटारीची सीट ज्या रुळावर मागे-पुढे सरकते ना, त्या रुळांवर त्यांचं काम. अब्बांच्या मयतीला आपाला वेळेत पोहोचता आलं नव्हतं. त्यानंतर तिने धरणंच धरलं, सुट्टीत ये म्हणून. अम्मीला एवढा प्रवास झेपणार नव्हता. ती रात्री दोन-तीनदा उठते, भिंतीला धरून चालते, मध्येच पडते. मला पाठवून माझी बायको तिच्यापाशी राहिली, यातच काय ते आलं.

मी पोहोचलो तेव्हा दुल्हेभाईंच्या दारात एक पांढरी पेटी उभी होती. आमच्या शाळेच्या वर्गखोलीएवढी लांब, खाली चार चाकं. याला ते लोक ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. आत पलंग, शेगडी, फ्रीज, संडास-बाथरूम, पाण्याची टाकी. इंजिन नाही. पिकअप ट्रकला मागे जोडायची आणि सफरीला निघायचं. जुनीच घेतली होती, कुणाची तरी वापरलेली. आपाला ती का आवडली हे मला एका मिनिटात कळलं. बाहेर पडलं की हलाल काय मिळेल याची काळजी नाही, आपला तवा, आपलं पातेलं, वुजूला आपलं पाणी. रस्त्यावरच्या स्वच्छतागृहात बेसिनमध्ये पाय धुताना लोक कसे बघतात, हे ती सतरा वर्षं सोसत आली आहे.

बेत होता उत्तरेला जायचा. मिशिगनचे दोन तुकडे आहेत, खालचा आणि वरचा. मध्ये पाणी, आणि त्यावर मॅकिनॉ पूल. साधारण पाच मैल लांब, १९५७ साली वाहतुकीला खुला झालेला. तो ओलांडून सेंट इग्नेसला चार दिवस मुक्काम.

निघायच्या आदल्या दिवशी दुल्हेभाई जोडणी करत होते आणि मी आमच्या गावच्या सवयीने शेजारी उभा राहून बघत होतो. ट्रकच्या मागे एक चौकोनी नळी असते, तिला रिसीव्हर म्हणतात. त्यात एक जाड लोखंडी तोंड बसवलेलं, त्यावर पोलादी गोळा. ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी दांडीला तिकडे जीभ म्हणतात. आमच्याकडे तिला धुराच म्हटलं असतं. ती जीभ गोळ्यावर बसवायची, खालून दोन साखळ्या एकमेकींवरून तिरप्या घालायच्या, वायर जोडायची. एवढं झालं की मला वाटलं, झालं.

पण मग त्यांनी गॅरेजमधून दोन पोलादी दांडे आणले, हाताएवढे लांब. पुढचं टोक त्या तोंडात खाली बसवलं आणि मागचं टोक साखळीने वर ओढून ट्रेलरच्या चौकटीला अडकवलं. ओढताना दांडा वाकला, धनुष्यासारखा. मी दोन पावलं मागे सरकलो. याचं नाव वेट डिस्ट्रिब्युशन हिच. म्हणजे वजन वाटून देणारी जोडणी.

"वाटून म्हणजे कुणाला?" मी विचारलं.

दुल्हेभाईंनी समजावलं ते त्यांच्या भाषेत. मला कळलं ते असं. ट्रेलरची जीभ ट्रकच्या अगदी शेपटीवर बसते, मागच्या चाकांच्याही मागे. तिथे तीनशे किलो ठेवले की ट्रकची पाठ दबते आणि पुढचा भाग उचलला जातो, मुलं सी-सॉवर खेळतात तसं. आता गाडी वळवतात पुढची चाकं, आणि ब्रेकचा मोठा भारही पुढच्याच चाकांवर येतो. तीच हलकी झाली तर स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. रात्री दिवे झाडाच्या शेंड्यावर पडतात ते वेगळंच.

मग ते दोन दांडे काय करतात? समजा ट्रकच्या मागच्या बाजूला दोन लांब वासे घट्ट ठोकले आणि दोन गड्यांनी मागे जाऊन त्यांची टोकं खांद्यावर उचलली. ट्रकची दबलेली पाठ वर येईल आणि नाक खाली जाईल. पुढच्या चाकांना त्यांचं वजन परत मिळेल. पण त्या दोन गड्यांचे पाय मात्र जमिनीत जास्त रुततील. वासे म्हणजे ते दांडे, आणि गडी म्हणजे ट्रेलरची स्वतःची चाकं. वजन कुठे नाहीसं होत नाही. एकट्या मागच्या चाकांवर पडलेलं थोडं पुढे जातं, थोडं मागे जातं.

उर्दूच्या तासाला मी मुलांना शेराचं वजन शिकवतो. एक मात्रा इकडची तिकडे झाली की मिसरा लंगडतो, शब्द तेच असले तरी. त्या दिवशी गॅरेजसमोर मला ते आठवलं आणि मी उगाच खूश झालो. दुल्हेभाईंना सांगितलंही. ते म्हणाले, "मास्तर, जरा तो जॅक धरा."

आपाने सामान भरलं. ते कसं भरलं, हे तेव्हा कुणी पाहिलं नाही. तांदळाचं पोतं, डाळी, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, मोठी डेग, सगळं मागच्या कपाटात, कारण मागचं कपाट मोठं. भाच्यांच्या दोन सायकली मागच्या बंपरवर. आणि पाण्याची टाकी काठोकाठ. चाळीस गॅलनची. मुक्कामाच्या जागी नळ असतोच, पण आपा म्हणाली, "वाटेत दोन नमाजा आहेत, पानी कमी पडलं तर?" चाळीस गॅलन म्हणजे दीडशे किलो पाणी. आणि या ट्रेलरची टाकी चाकांच्या मागच्या बाजूला होती.

सकाळी निघालो. फ्लिंट ओलांडेपर्यंत मला काही कळलं नाही. दुल्हेभाईंना कळत होतं. ते बोलायचे थांबले होते. पुढे विश्रांतीच्या जागी गाडी लावून ते उतरले, मागे जाऊन हात लावून आले आणि म्हणाले, शेपूट थोडं हलतंय. विकणाऱ्याने जोडणी बसवून दिली होती ती रिकाम्या ट्रेलरवर, हेही तेव्हाच बोलले. मग त्यांनी दोन्ही साखळ्यांची एकेक कडी कमी केली. म्हणजे दांडे आणखी ताणले. मला ते पटलं. जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं, असं कुणालाही वाटेल.

सॅगिनॉजवळ झिलवॉकी नावाचा एक पूल आहे. नदीवरून हमरस्ता उंच उचललेला, वर मोकळा वारा. चढ ठीक गेला. उतरणीला डावीकडून एक मोठा ट्रक आम्हाला ओलांडून गेला, आणि त्याच्या वाऱ्याने आमची ती पांढरी पेटी आधी बाहेर फेकली गेली, मग त्याच्याकडे ओढली गेली, मग परत. आरशात ती कधी डावीकडे दिसायची, कधी उजवीकडे. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. ट्रकची पाठ तिच्याबरोबर डोलू लागली. मागच्या सीटवर आपाने कलमा म्हणायला सुरुवात केली, मोठ्याने. माझ्या डोक्यात काय आलं सांगू? अम्मीला कोण सांगणार, एवढंच.

दुल्हेभाईंनी ब्रेक दाबला नाही. नंतर त्यांनी सांगितलं, पाय ब्रेकवर गेला होता, महत्प्रयासाने उचलला. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबला की मागचं धूड पुढच्याला ढकलतं आणि दोन्ही आडवे होतात. स्टिअरिंग झटक्याने फिरवलं तरी तेच. त्यांनी चाक सरळ धरलं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला, आणि गुडघ्याजवळ एक छोटी पेटी असते तिचा खटका चिमटीत दाबला. त्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. मागून कुणीतरी शेपटी धरून ओढावं तसं झालं आणि सगळं एका रेषेत आलं. किती सेकंद गेले असतील? दहा? आपा अजून पढत होती.

पुढे कडेला जागा मिळाली तिथे थांबलो. कुणी कुणाशी बोलेना. दुल्हेभाई हिचभोवती फिरत होते. दांड्यांचं माप, साखळीच्या कड्या, सगळं त्यांना बरोबर दिसत होतं. आणखी एक कडी घट्ट करावी का, असं ते पुटपुटले. मी ट्रेलरचं मागचं दार उघडलं. पोतं, खोके, डेग. मागे सायकली. टाकीचा काटा पूर्ण भरल्याचं दाखवत होता. आणि माझ्या तोंडून अब्बांचा शब्द निघाला.

"दुल्हेभाई, गाडी उलाळ झालीये."

त्यांना शब्द माहीत नव्हता. ते पुण्याचे.

अब्बांची टायरगाडी होती. वाळवा तालुक्यात आमचं गाव, हंगामात ऊस कारखान्यावर न्यायचा. दोन चाकांची गाडी. मोळ्या भरताना अब्बा स्वतः उभे राहायचे, कितीही घाई असो. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ होते. जू वर उचललं जातं, जोत्याचा फास बैलांच्या गळ्याला लागतो, आणि चढाला तर बैलं अक्षरशः टांगली जातात. पुढे जास्त भरलं तर सगळा भार मानेवर, बैलाचा खांदा येतो, महिनाभर जू ठेवता येत नाही. अब्बा धुरा हाताने उचलून बघायचे. हाताला थोडी जड लागली पाहिजे. थोडीच. मग चऱ्हाट आवळायचं. मी लहान असताना ते मला धुरेला लोंबकळायला लावायचे आणि म्हणायचे, "तुझ्याएवढं वजन पुढं बास."

दुल्हेभाईंनी हे ऐकून घेतलं. हसले नाहीत, याचं मला अजून बरं वाटतं. मग म्हणाले, काट्यावर जाऊ.

तिकडे हमरस्त्यालगत ट्रक थांबतात त्या मोठ्या पंपांवर कॅट स्केल नावाचा काटा असतो. लांबच्या लांब पट्टा, पण त्याचे वेगळे भाग. ट्रकची पुढची चाकं एका भागावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर, आणि पावतीवर तिन्ही वजनं वेगवेगळी छापून येतात. आमच्याकडे कारखान्याच्या काट्यावर एकच आकडा यायचा आणि तो खरा की खोटा यावर गावात रात्र-रात्र चर्चा चालायची. इथे तीन आकडे, आणि पावती आपल्या हातात.

दांडे सोडून तोललं. मग ट्रेलर बाजूला उभा करून नुसता ट्रक तोलला. वजाबाकी मी केली, ते माझं काम. ट्रेलर भरला होता ६,३४० पौंड, आणि जिभेवर त्यातले फक्त ४२० पौंड. शेकडा सातसुद्धा नाहीत. हवेत शेकडा दहा ते पंधरा. जीभ त्याहून हलकी झाली की ट्रेलर शेपटाने चालायला लागतो, आणि ते शेपूट कोणताही हिच सरळ करू शकत नाही. उलट आम्ही दांडे आणखी ताणून ट्रकच्या मागच्या चाकांवरचं उरलंसुरलं वजनही उचलून घेतलं होतं. नेमक्या त्याच चाकांनी शेपूट धरून ठेवायचं होतं. भाच्याने तिथेच फोनवर एक व्हिडिओ दाखवला. सरकत्या पट्ट्यावर खेळण्यातली मोटार, मागे छोटा ट्रेलर, त्यावर सरकवता येणारं वजन. वजन पुढे असताना बोटाने ढकललं तर ट्रेलर दोनदा हलून शांत होतो. वजन मागे नेलं की नुसत्या एका टिचकीने सगळं गरगर फिरतं. बीएडला पाठ घेताना असं एखादं साधन मिळालं असतं तर माझे गुण वाढले असते.

मग त्या पंपाच्या आवारात आम्ही संसार बाहेर काढला. सायकली आत, पुढच्या पलंगावर बांधून. पोतं आणि खोके पुढच्या कपाटात. राहिलं पाणी. आपा टाकीच्या नळापाशी उभी राहिली. "पानी नक्को निकालो," ती दुल्हेभाईंना म्हणाली. आवाज असा की जणू कुणी तिच्या घरातलं काही विकायला काढलंय. शेवटी तिने स्वतः दोन कॅन भरून घेतले, आम्ही तिथेच वुजू केलं, आणि मग नळ सोडला. गवताच्या पट्टीवर चादर टाकून जोहरची नमाज कसर पढलो. किब्ला तिथून ईशान्येला येतो. मला पाच आठवडे त्याची सवय झाली नाही, दर वेळी पाय आपोआप पश्चिमेला वळायचे.

पुन्हा काटा. ट्रेलर आता ६,००० पौंड, जिभेवर ७२०. शेकडा बारा. आता दुसरी गोष्ट दिसली. नुसत्या ट्रकच्या पुढच्या चाकांवर ३,२०० पौंड होते, ट्रेलर टेकवल्यावर ते २,८८० झाले. ३२० पौंड, म्हणजे दीडशे किलोच्या आसपास वजन पुढून उडून गेलं होतं. मागच्या चाकांवर २,७०० चे ३,७४०. मग दांडे चढवले, साखळीची कडी मूळ जागी आणून, आणि तिसरी पावती घेतली. पुढे ३,०६०, मागे ३,४४०, ट्रेलरच्या चाकांवर ५,२८० चे ५,४००. पुढचं गेलेलं निम्म्याहून जास्त परत आलं होतं. किती परत आणायचं हे ट्रकच्या पुस्तकात दिलेलं असतं, आणि दुल्हेभाईंच्या पुस्तकात निम्मंच सांगितलं होतं. तिन्ही आकड्यांची बेरीज मी दोनदा केली. दांड्यांशिवाय ११,९००, दांड्यांसह ११,९००. एक पौंड इकडे-तिकडे नाही.

उरलेल्या वाटेत ट्रेलर हलला नाही असं म्हणणार नाही. मोठा ट्रक गेला की किंचित झुकायचा आणि लगेच सावरायचा, माणूस गर्दीत कुणाचा धक्का लागल्यावर सावरतो तसा. दुल्हेभाईंनी वेगही ताशी साठ मैलांच्या वर नेला नाही. मॅकिनॉ पुलावर आतली लेन लोखंडी जाळीची आहे, खाली पाणी दिसतं. आम्ही बाहेरच्या डांबरी लेनमधून सावकाश गेलो. आपाने डोळे मिटले होते.

सेंट इग्नेसला त्या रात्री थंडी होती. मे संपत आला तरी थंडी. दुल्हेभाई आणि मुलं झोपली. आपा आणि मी ट्रेलरच्या छोट्या टेबलाशी चहा घेऊन बसलो. पावत्या टेबलावरच होत्या. तिने त्या उलटसुलट केल्या आणि विचारलं, "अम्मी रात्री किती वेळा उठते?"

मी म्हणालो, दोनदा. मग म्हणालो, तीनदा, कधी चारदा.

"फोनवर तू एकदा म्हणायचास."

मी काही बोललो नाही. सतरा वर्षं ती पैसे पाठवते. औषधं, बाथरूमचे कठडे, अब्बांचं ऑपरेशन, सगळं तिच्या पैशांतून. मी दर वेळी म्हणतो, इकडचं सगळं ठीक आहे, तू काळजी करू नकोस. त्यात थोडा माझा मोठेपणाही होता, आता कबूल करतो. ती मागितल्याशिवाय देते आणि मी मागत नाही, असा आमचा व्यवहार. माझ्या बायकोचे गुडघे गेले आहेत हे मी तिला त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. ती बराच वेळ पावतीवरच्या त्या मधल्या आकड्याकडे बघत होती. ते कशासाठी, हे तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मग म्हणाली, "नोव्हेंबरात मी येते. फेब्रुवारीपर्यंत राहते. भाभीला सांग, रात्रीचं माझ्याकडे."

"दुल्हेभाई? मुलं?"

"त्यांना स्वयंपाक येतो."

सकाळी जोडणी सोडायची होती. ताणलेला दांडा तसाच सोडला तर हात मोडेल एवढ्या जोराने उसळतो. म्हणून आधी जिभेखालचा जॅक फिरवून ट्रेलरचं तोंड आणि ट्रकची पाठ दोन्ही एकत्र वर उचलायचे, ताण सैल झाला की मग साखळी काढायची. दुल्हेभाईंनी हँडल माझ्या हातात दिलं. दांडे सुटल्यावर मी जिभेखाली हात घालून जरा उचलून बघितली. अर्थात ती हलली नाही. सव्वातीनशे किलो.

घरी आल्यावर अम्मीला सगळं सांगितलं. पूल, वारा, आपाचा कलमा, काटा, पावत्या. उलाळ शब्द ऐकून ती हसली, पदर तोंडावर धरून, अब्बा गेल्यापासून पहिल्यांदा. मग तिने विचारलं, "एवढी मोठी गाडी, बैलं किती?"